दारचा हत्ती

इंदूरला गेलेल्या मराठी माणसाला ते शहर परके वाटत नाही. राजवाड्याच्या परिसरात कानावर मराठी पडते, सराफ्यात मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात, आणि होळकरांच्या आमदानीत कोकण-देशावरून गेलेल्या घराण्यांची सातवी-आठवी पिढी आपण 'दक्षिणी' असल्याचे अजून अभिमानाने सांगते. अशाच एका घरी आमचा नुकताच चार दिवस मुक्काम झाला. घर आमच्या जुन्या स्नेह्यांचे. ते आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नी आणि तिशीतला मुलगा असे दोघेच तेथे राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, "काका, तुम्हांला एक गंमत दाखवायची आहे, परदेशीपुऱ्यात चला." बोलताना त्याने आईकडे पाहिले नाही, आणि आईने चहाचा पेला जरा जोराने खाली ठेवला. ही गंमत घरात सर्वांनाच रुचलेली नाही, हे आमच्या तेव्हाच ध्यानात आले.

परदेशीपुरा ही इंदूरच्या ईशान्येकडील गिरणी कामगारांची जुनी वस्ती. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल यांच्या भोंग्यांवर या वस्तीचे घड्याळ चालत असे. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला तब्बल बत्तीस वर्षे लागली. २०२३ च्या डिसेंबरात २२४ कोटी रुपये मंजूर झाले, तेव्हा अनेक कामगार ते घ्यायला जगात उरलेले नव्हते. गिरण्या गेल्या, पण यंत्रावर चाललेला हात तेथून गेला नाही. फिटर-जॉबरांची मुले आणि नातू आज त्याच गल्ल्यांतून मोटारी दुरुस्त करतात. अशाच एका गॅरेजात, पत्र्याच्या छपराखाली, धुळीने माखलेल्या कापडाखाली ती 'गंमत' उभी होती.

ती एका जर्मन कंपनीची आठ सिलिंडरांची, दोन टर्बो लावलेली आलिशान मोटार होती. कंपनीचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही, कारण या कहाणीत दोष एकट्या कंपनीचा नाही. नवी होती तेव्हा तिची किंमत कोटीच्या वर होती. बारा वर्षांची झाल्यावर आमच्या स्नेह्यांच्या मुलाला ती अवघ्या नऊ लाखांत मिळाली. नऊ लाखांत आज साधी, लहानशी नवी मोटार येते. त्याच पैशांत राजासारखे बसायला मिळत असेल तर कोण सोडील? मुलाचा हिशेब असा सरळ होता. गाडी गेले चार महिने जागची हललेली नव्हती.

आम्ही त्याला खर्चाचा कागद मागितला. तो हुशार आणि प्रामाणिक मुलगा. त्याने वहीच काढून दिली. चौदा महिन्यांत गाडी सात हजार किलोमीटर चालली होती. विमा आणि नाव-बदल यांस ५५ हजार. चार टायर १ लाख ८ हजार. तेल, फिल्टर आणि पहिली देखभाल ४२ हजार. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड ८६ हजार. पुढच्या दोन चाकांच्या हवेच्या स्प्रिंगा २ लाख १० हजार. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि गळणाऱ्या नळ्या ९५ हजार. बॅटरी ३४ हजार. बेरीज ६ लाख ३० हजार. म्हणजे पेट्रोल सोडून दर किलोमीटरला नव्वद रुपये! गाडी लिटरला सहा किलोमीटर देत होती. ते आणखी अठरा रुपये. आणि आता इंजिनातल्या साखळीचा आवाज येऊ लागला होता. ती बदलायची तर इंजिन गाडीतून उतरवावे लागणार होते. अंदाज ४ लाख ७० हजारांचा. गाडीची किंमत नऊ लाख आणि दुरुस्ती अकरा लाखांची. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार नाही. म्हणून गॅरेजच्या मालकालाच विचारले, की एवढी उत्तम गाडी अशी का वागते? साठीतला माणूस, त्याचे वडील गिरणीत फिटर होते. त्याने हात पुसले, एक स्टूल आमच्याकडे सरकवले आणि म्हणाला, "साहेब, गाडी वाईट वागत नाही. ती पहिल्या मालकासाठी बनवली होती, हा चौथा आहे." पुढचा अर्धा तास त्याने जे समजावून सांगितले, ते वाचकांपुढे ठेवणे हा या लेखाचा एक हेतू आहे. आमच्या गोव्यातही पेडण्यापासून काणकोणापर्यंत अशा गाड्या घेण्याची हौस तरुणांत वाढीस लागली आहे.

पहिली गोष्ट उष्णतेची. थोड्या जागेत पुष्कळ शक्ती कोंबली की पुष्कळ उष्णता निर्माण होते. बीएमडब्ल्यूने २००८ साली आणलेल्या 'एन-६३' नावाच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात टर्बो बाहेरच्या बाजूंना न ठेवता दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवले. जागा वाचली, शक्ती तत्काळ मिळू लागली. पण भट्टी इंजिनाच्या मध्यावर आली. भोवतालच्या रबरी सील, प्लास्टिकच्या नळ्या, तारांची आवरणे यांना रोज भाजून निघावे लागले. अखेर २०१४ च्या डिसेंबरात कंपनीने अमेरिकेत या इंजिनांसाठी खास मोहीम काढली. साखळीची तपासणी, बॅटरी आणि इतर भाग यांचा तीत समावेश होता, आणि तेल बदलण्याची मुदतही कमी करण्यात आली. पोर्शच्या २००३ ते २००६ या काळातील आठ सिलिंडरांच्या कायेन गाड्यांत गरम पाण्याच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. त्या इंजिनाच्या वरच्या भागाखाली दडलेल्या असत आणि वयानुसार तडकत. त्यांच्या जागी पुढे ॲल्युमिनियमच्या नळ्या बसविल्या जाऊ लागल्या. नळी स्वस्त असते. तिच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी महाग असते.

दुसरी गोष्ट लहान भागांची. पोर्शच्याच १९९७ नंतरच्या काही वर्षांतील इंजिनांत मधल्या शाफ्टला एक बंद बॉल-बेअरिंग असे. मुठीत मावेल एवढी ती वस्तू. ती निकामी झाली तर सबंध इंजिनाचा चुराडा होण्याची भीती. जाणते मालक क्लच बदलताना तेही बदलून घेत; अजाण मालक "आवाज तर काही येत नाही" म्हणून चालवत राहत. टायमिंगच्या साखळीचेही तसेच. साखळी लोखंडाची, पण तिला वाट दाखविणाऱ्या पट्ट्या प्लास्टिकच्या. तेल वेळेवर बदलले नाही की पट्ट्या झिजतात, ताण देणारा भाग सैल पडतो, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते. ती खडखड हा इशारा असतो. आमच्या स्नेह्यांच्या मुलाने तो आठ महिने ऐकला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

तिसरी गोष्ट ज्यांना 'आजन्म' म्हणतात त्या वस्तूंची. कित्येक कंपन्या गिअर-बॉक्सचे तेल आजन्म पुरेल असे सांगतात. पण तेच गिअर-बॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनी, किंवा आठ वर्षांनी, तेल बदलावे असे सांगते. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, हा प्रश्न गाडी घेणाऱ्याने विचारला पाहिजे. हमीची मुदत संपेपर्यंतचा तो जन्म असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला काय येणार हे उघड आहे.

चौथी गोष्ट विजेची. या गाड्यांत डझनावारी लहान संगणक असतात आणि ते एकमेकांशी सतत बोलत असतात. बॅटरी थोडी अशक्त झाली की एकाच वेळी दहा दिवे लागतात: ब्रेक बिघडले, स्टिअरिंग बिघडले, गिअर बिघडले! प्रत्यक्षात बिघडलेली असते फक्त बॅटरी. पण नवी बॅटरी बसवून काम भागत नाही. तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर तिचे भरण चुकीचे होते. मर्सिडीजने २००२ च्या सुमारास आपल्या ई-क्लास गाड्यांत विजेवर चालणारी ब्रेकची पद्धत आणली होती. तिचा पंप किती वेळा चालला हे गाडी स्वतः मोजत असे आणि ठरलेली संख्या भरली की पंप बदलण्याची सूचना देत असे. २००४ आणि २००५ साली त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ती पद्धत काढून टाकण्यात आली. ज्यांनी अशा गाड्या आज स्वस्तात घेतल्या आहेत, त्यांच्या वाट्याला तो मोजलेला पंप आलेला आहे.

हवेच्या स्प्रिंगांची गोष्टही अशीच. रबराच्या फुग्यात हवा भरून गाडी तरंगत ठेवायची, ही कल्पना मोठी सुखाची. पण रबराला दहा-बारा वर्षांत भेगा पडतात. हवा थोडी थोडी निघून जाते. ती भरून काढण्यासाठी पंप रात्रंदिवस धडपडतो आणि शेवटी जळतो. एक दोष वेळेवर दुरुस्त केला नाही की तो दुसरा घेऊन येतो. रात्री सपाट जागी उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, की समजावे, खिशाला भोक पडले.

यावर कोणी म्हणेल, विमा आहे ना! विम्याचे स्वरूपच आपण नीट वाचत नाही. झिजेने आलेला बिघाड विम्यात बसत नाही. अपघातातले नुकसान बसते. त्यातही रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते. ही कपात टाळणारे जादा संरक्षण जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे जे भाग या गाड्यांत आधी जातात, त्यांच्याच बाबतीत विमा आखडता हात घेतो.

सरकारी खर्चही वाढते आहेत. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली. परदेशातून आयात केलेल्या गाडीला चाळीस हजार. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ साली ही रक्कम आणखी दुप्पट करण्यात आली. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तीत काही सवलत दिली, तोवर तेथल्या कित्येक आलिशान गाड्या स्वस्तात इतर राज्यांत पोहोचल्या होत्या. आमच्या स्नेह्यांच्या मुलाची गाडीही अशीच दिल्लीहून आलेली.

आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी दोन शत्रू आहेत. एक खारा वारा आणि दुसरा पाऊस. समुद्रावरून येणारे मीठ गाडीच्या पोटाखालच्या नळ्या, नट-बोल्ट आणि विजेच्या जोडांवर बसते आणि त्यांना गुपचूप खाते. पावसाळ्यात खोल रस्त्यावरच्या पाण्यात बुटकी गाडी घातली, की हवा ओढणाऱ्या तोंडातून पाणी इंजिनात जाते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतात. वर, आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलेले आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर आणि पंप एवढ्या इथेनॉलचा विचार करून बनविलेले नाहीत. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल ओलावा ओढून घेते. हौसेची गाडी झाकून ठेवली म्हणजे टिकते, हा समज म्हणूनच खोटा आहे. उभी गाडी अधिक लवकर जाते.

तर मग जुनी गाडी घेऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. गोव्याच्या जुन्या पिढीला मुक्तीच्या आगेमागे रस्त्यांवर धावणाऱ्या काळ्या मर्सिडीज डिझेल टॅक्सी आठवत असतील. त्या चाळीस-चाळीस वर्षे चालल्या. त्यांचे इंजिन संथ होते, भाग थोडे आणि लोखंडाचे होते, आणि गावचा मेस्त हातोडी-पान्यांनी त्यांना ताळ्यावर आणू शकत होता. मुद्दा वयाचा नाहीच. गाडीची रचना आणि आपली ऐपत यांचा आहे.

याच इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची 'एसजे' ही गाडी घेतली होती. आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, वर सुपरचार्जर; ३२० अश्वशक्तीचा कंपनीचा दावा. लंडनच्या गर्नी नटिंग यांनी तिचा उघडा, दोन आसनांचा देह घडविला. जगातल्या सर्वांत वेगवान आणि महाग गाड्यांत तिची गणना होत असे. या जातीच्या गाड्या जगात पाचशेही झाल्या नाहीत. आणि १९३७ साली ती कंपनीच बंद पडली! महाराजांची गाडी पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली आणि आजही ती जपलेली आहे. पण ती जपली गेली, याचे कारण तिचा एकेक भाग हाताने घडवून घेण्याची ऐपत असलेले मालक तिला मिळत गेले. महाराजांचे राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, ते स्वतः १९६१ साली वारले, त्यांच्या माणिकबाग राजवाड्यातील नावाजलेले फर्निचर १९८० साली मोनाकोत लिलावात गेले आणि त्या वाड्यात केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आली. संस्थानाची तिजोरी पाठीशी असतानाही ऐश्वर्य टिकवणे किती कठीण असते, हे ज्या शहराने डोळ्यांनी पाहिले, त्याच शहरात एका पगारदार मुलाने नऊ लाखांत ऐश्वर्य विकत घ्यावे, यातला विरोध आम्हांला बेचैन करून गेला.

हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे कठीण, हे आपले पूर्वज जाणून होते. दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण खरे. पण हत्तीबरोबर माहूत, चारा आणि पागाही लागतो. बाजारात गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. कोटीच्या गाडीची ब्रेकची तबकडी ही बारा वर्षांनंतरही कोटीच्या गाडीचीच तबकडी असते. हे एक वाक्य प्रत्येक हौशी खरेदीदाराने मनावर कोरून ठेवावे.

ज्यांना तरीही घ्यायचीच असेल, त्यांच्यासाठी परदेशीपुऱ्याच्या त्या कारागिराने सांगितलेल्या गोष्टी देतो. देखभालीचे सर्व कागद नसतील तर गाडी पाहूही नका. इंजिन रात्रभर थंड ठेवायला सांगून सकाळी स्वतः सुरू करून ऐका. आदल्या रात्री गाडी सपाट जागी उभी करून तिची उंची मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गाडीचा संगणक वाचणाऱ्या यंत्रावर ती तपासून घ्या, आणि ते विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या माणसाकडून. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे: गाडीला जेवढे पैसे द्याल, तेवढेच दुसरे पैसे बँकेत बाजूला असतील तरच सौदा करा. नसतील तर गाडीला नमस्कार करा आणि घरी या.

त्या मुलाकडे ते दुसरे पैसे नव्हते. हवेच्या स्प्रिंगांपासून पुढची सारी दुरुस्ती त्याने आईचे दागिने गहाण ठेवून केली होती. हे आम्हांला त्याने गॅरेजबाहेर येताना सांगितले, तेव्हा सकाळच्या त्या चहाच्या पेल्याचा अर्थ आम्हांला कळला. "काका, एवढे पैसे घातले, आता साखळीसाठी थांबलो तर सगळे वाया जातील," तो म्हणाला. आम्ही त्याला रस्त्याच्या कडेच्या ओट्यावर बसवले आणि त्याच्याच वहीत हिशेब मांडला. गाडी आहे तशी सुटे भाग घेणाऱ्याला दिली तर दोन लाख मिळतील, असे कारागीर म्हणत होता. पावणेपाच लाख घालून दुरुस्त केली तर सहा लाखांना जाईल. म्हणजे ४ लाख ७० हजार घालून ४ लाख अधिक मिळणार. सत्तर हजारांचे नुकसान, आणि पुढचा बिघाड कधी येईल ते वेगळेच. "अरे, गेलेले पैसे या हिशेबात कुठेच येत नाहीत. ते दोन्हीकडे गेलेलेच आहेत," आम्ही म्हणालो. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

पणजीला परतल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. गाडी २ लाख २० हजारांना गेली होती. त्या पैशांतून दागिन्यांपैकी बांगड्या सुटल्या, पाटल्या अजून बँकेत आहेत. दर महिन्याला हप्ता भरून त्या दिवाळीपर्यंत सोडवीन, असे तो म्हणाला. मग आईने फोन घेतला. गाडीविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. "भाऊजी, आता तो सिटी बसने कचेरीत जातो, आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतो," एवढेच त्यांनी सांगितले.

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरी असा हत्ती आणण्याचा विचार चालू असेल, त्यांनी सौदा करण्याआधी घरातल्या ज्येष्ठांसमोर वही उघडावी आणि दोन रकाने मांडावेत: एक गाडीच्या किमतीचा, दुसरा तिला पोसण्याचा. दुसरा रकाना कोणाच्या तरी पाटल्यांनी भरावा लागणार असेल, तर पहिला लिहिण्याची तसदी घेऊ नये.